न्याहारीची कसोटी : प्रवासवर्णने वाचताना

प्रवासवर्णनाचे पुस्तक हाती आले की अलीकडे आम्हांला एक खोड जडली आहे. प्रस्तावना, छायाचित्रे, मलपृष्ठावरचा मजकूर हे सारे बाजूला ठेवून आम्ही आधी एवढेच शोधतो, की लेखकाने त्या मुलखात सकाळी काय खाल्ले, कुठे खाल्ले आणि कोणाच्या शेजारी उभे राहून खाल्ले. बहुतेक वेळा शोध वाया जातो. नाश्ता आटोपून आपले प्रवासी बसमध्ये बसतात आणि थेट पिरॅमिडपाशी, आयफेल टॉवरपाशी किंवा नायगाऱ्यापाशीच उतरतात. त्या देशातली माणसे त्या वेळी काय करत होती, कामाला लागण्यापूर्वी त्यांच्या पोटात काय गेले होते, याचा पत्ता लागत नाही. मराठीत हे जसे आहे तसे उर्दूतही आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, घरी कोकणी वळणाची मराठी बोलतो आणि दोन्ही भाषांतली प्रवासवर्णने वाचतो. तेव्हा ही तक्रार दोन्ही घरांची आहे, आणि घरातल्या माणसाने केलेली आहे.

याचे एक कारण उघड आहे. आपल्याकडची माणसे परदेशी जातात ती बहुधा कंपनीबरोबर. सहल कंपनीच्या जाहिरातीत घरगुती महाराष्ट्रीय जेवणाचे आश्वासन असते, आणि उमऱ्याला नेणाऱ्या टूरवाल्यांच्या पत्रकात हिंदुस्थानी बावर्ची व हिंदुस्थानी खान्याचे. दोन समाज, दोन निराळी ठिकाणे, डबा मात्र सारखाच. उमऱ्याला गेलेला माणूस इबादतीसाठी गेलेला असतो, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्या आईवडिलांच्या पथ्यपाण्याचा प्रश्नही खरा असतो. पण जो परत येऊन लिहिणार आहे, 'मी हा देश पाहिला' असे छापून सांगणार आहे, त्याच्याकडून आम्ही थोडे अधिक मागितले तर ते गैर होऊ नये.

न्याहारीच का, असे कोणी विचारील. दुपारचे जेवण, रात्रीची मेजवानी यांत काय उणे आहे? आमचे म्हणणे असे, की मेजवानीत माणूस स्वतःला दाखवतो आणि न्याहारीत तो नुसता असतो. पाहुणा आला म्हणून कोणी पहाटे साडेपाचला वेगळी न्याहारी रांधत नाही. रस्त्यावरच्या गाडीवर कामगाराला सात वाजता जे मिळते ते त्याला परवडणारे, पचणारे आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देणारे असते. त्यात त्या देशाचे शेत, त्याचा बाजारभाव, सरकारचे धोरण आणि घरातल्या बाईची झोप हे सगळे असते. म्हणून प्रवासवर्णन खरे की खोटे हे पारखायला न्याहारीसारखी दुसरी कसोटी आम्हांला दिसत नाही.

शब्दांपासूनच पाहू. मराठीतली न्याहारी आणि उर्दूतली नहारी हे शब्द कानाला सख्ख्या बहिणींसारखे लागतात. उर्दूत 'निहार मुँह' म्हणजे उपाशीपोटी. 'नाश्ता' हा शब्द फारसीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ सकाळपासून ज्याने काही खाल्लेले नाही असा. आपण त्या उपाशीपणालाच खाण्याचे नाव देऊन टाकले. मिस्रच्या, म्हणजे इजिप्तच्या, बोलीत न्याहारीला 'फितार' म्हणतात आणि रमजानच्या इफ्तारलाही हाच शब्द चालतो. म्हणजे तिथे रोजची सकाळ हा एक लहानसा इफ्तारच असतो. आणि सर्वांत अर्थपूर्ण शब्द 'ऐश'. आमच्या वर्गात ऐश म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे गाड्या, बंगले आणि शादीची दावत येते. ऐशोआराम, ऐशोइशरत हे शब्द त्यांना ठाऊक असतात. अरबीत याच शब्दाचा अर्थ जगणे. मिस्रच्या माणसाने तो भाकरीला दिला. तिथे ऐश म्हणजे भाकरी. एकाच शब्दाची एका मुलखात चैन झाली आणि दुसऱ्यात भाकरी. हे कोशात वाचणे वेगळे आणि सकाळच्या थंडीत हातावर गरम ऐश पडणे वेगळे.

आता या कसोटीवर जुन्या प्रवाशांना घासून पाहू. इब्ने बतूताचा 'रिहला' १३५५ साली लिहून पुरा झाला. मोरोक्कोच्या तांजा शहराचा हा माणूस १३३४ च्या सुमारास दिल्लीत आला, मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला. त्याने दरबारातल्या मेजवान्यांची सविस्तर वर्णने लिहिली आहेत, पण आम्ही थांबतो ते धान्यांच्या यादीपाशी. तिथे तो मुगाबद्दल लिहिताना सांगतो, की इथले लोक मूग तांदळाबरोबर शिजवतात, तुपाबरोबर खातात, त्याला 'किश्री' म्हणतात आणि रोज सकाळी याचीच न्याहारी करतात. पुढे तो जोडतो, की आमच्या मगरिबमध्ये हरीरा जसा, तशी यांची ही किश्री. हरीरा म्हणजे मोरोक्कोतले दाट सूप, जे आजही तिथे रमजानच्या इफ्तारला प्यायले जाते.

टीकेच्या दृष्टीने या दोन-तीन वाक्यांत किती आहे पाहा. पदार्थाचे नाव त्याने त्या लोकांच्याच तोंडचे ठेवले. कशाबरोबर खातात ते सांगितले. कधी आणि कितीदा तेही सांगितले. आणि तुलना केली ती बरोबरीची. आमचा हरीरा श्रेष्ठ आणि यांची खिचडी गरिबाची, असे तो म्हणत नाही. तुमच्याकडे जी जागा खिचडीची तीच आमच्याकडे हरीऱ्याची, एवढेच म्हणतो. परक्या पदार्थाला आपल्या घरातल्या पदार्थाशेजारी पाटावर बसवणे ही प्रवासलेखनातली मोठी गोष्ट आहे.

हाच प्रवासी पुढे आपल्या मुलखातूनही गेला. दौलताबाद पाहून तो नंदुरबारला आला आणि तिथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले, की यांचे खाणे भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल असे आहे, आणि जेवणापूर्वी हे लोक स्वच्छ अंग धुतात. चौदाव्या शतकातल्या मराठी मुलखाच्या ताटाची ही नोंद एका अरबी पुस्तकात आहे. आमच्या किती विद्यार्थ्यांना, मराठी शाळेतल्या किंवा उर्दू शाळेतल्या, हे माहीत असेल?

परंतु इब्ने बतूताला फरिश्ता करण्याची गरज नाही. १३५२ साली तो मालीच्या सुलतानाकडे गेला. स्वागताचा नजराणा येतो आहे असे कळल्यावर त्याला वाटले, खिलअत येईल, मोहरा येतील. आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्याच्या पात्रातले आंबट दही. तो हसला, आणि त्या लोकांच्या अकलेला नावे ठेवून मोकळा झाला. दिल्लीच्या खिचडीत बरोबरी पाहणारा डोळा इथे कुठे गेला? आमच्या मते उत्तर सोपे आहे. खिचडीकडून त्याला काही नको होते, सुलतानाकडून हवे होते. ज्याला नजराण्याची अपेक्षा असते त्याला भाकरी दिसत नाही. आजच्या प्रवासलेखकालाही हे लागू आहे. फरक इतकाच, की आजचा नजराणा म्हणजे 'काहीतरी भन्नाट' खायला मिळणे आणि त्याचा फोटो निघणे.

याच मालीत कंदाची लापशी खाऊन तो आणि त्याचे सोबती आजारी पडले, सहांपैकी एक जण दगावला आणि स्वतः तो फजरच्या नमाजीत बेशुद्ध पडला. हेही त्याने लपवले नाही. रस्त्यावरच्या खाण्याची भीती बाळगणाऱ्यांना आम्ही हसत नाही. ती भीती साडेसहाशे वर्षांची आहे. पण ती भीती प्रामाणिकपणे लिहिणे वेगळे आणि तिला 'त्या लोकांचा घाणेरडेपणा' असे नाव देणे वेगळे.

वर्गात आम्ही इब्ने बतूताची खिचडी मुलांना सांगतो. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, पकाई किसने?" तिची आई भिवंडीतल्या एका भिस्सीसाठी घरी चपात्या लाटून देते. लूमच्या कामगारांची खानावळ म्हणजे भिस्सी. तिथल्या पाळीप्रमाणे त्या घराची पहाट होते. त्या मुलीने विचारलेला प्रश्न आम्हांला बी.एड.ला कोणी शिकवला नव्हता आणि कुठल्या समीक्षेच्या पुस्तकातही आम्ही वाचला नव्हता. इब्ने बतूता 'लोक खातात' म्हणतो, 'लोक शिजवतात' म्हणतो, पण चुलीपाशी कोण आहे ते सांगत नाही. त्या दिवसापासून आमच्या कसोटीत हा एक प्रश्न वाढला.

मधल्या शतकांतले सगळे टप्पे इथे घेता येणार नाहीत, पण आपल्या दोन्ही भाषांचा वारसा नजरेआड करून चालणार नाही. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवरच्या पुस्तकाला १८८९ साली नाव दिले त्यात 'लोकस्थिती' हा शब्द आधी आहे आणि 'प्रवासवृत्त' नंतर. तो क्रम पुढे मराठीने विसरायला नको होता. शिबली नोमानी १८९२ साली रूम, शाम आणि मिस्रला गेले. त्यांचे लक्ष मदरसे, कुतुबखाने आणि विद्वान यांच्यावर होते. ज्या कौमला त्या वेळी शिक्षणाची भूक होती तिच्यासाठी ते योग्यच होते. १९६० च्या 'अपूर्वाई'ने मराठी प्रवासवर्णन मोकळे केले, लेखकाला स्वतःवर हसायला शिकवले. उर्दूत हेच काम इब्ने इन्शांनी केले. दोष या थोरांचा नाही. त्यांच्या मागून आलेल्यांनी विनोद तेवढा उचलला आणि कुतूहल खाली ठेवले. मग परका पदार्थ म्हणजे थट्टेचा विषय आणि शेवटी घरच्या पोह्यांची किंवा बिर्याणीची आठवण, असा साचा तयार झाला. घरची आठवण येणे गुन्हा नाही. इब्ने बतूतालाही हरीरा आठवला. पण त्याने त्या आठवणीच्या आधाराने समोरची खिचडी समजून घेतली. आमचे बहुतेक लेखक त्या आठवणीच्या आधाराने समोरचे ताट सारून देतात.

दुसऱ्याला इतके सांगितल्यावर स्वतःचे काय ते सांगणे भाग आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आम्ही आणि आमचे शौहर, तेही शिक्षक, कुठल्याही कंपनीशिवाय काहिराला गेलो. वर्षभर पैसे साठवले होते आणि नकाशे पाठ केले होते. न्याहारीबद्दलचे आमचे सिद्धान्त तेव्हाही तयार होते. तरीही पहिले दोन दिवस आम्ही खोलीत बसून पिशवीतला चिवडा खाल्ला. पोट बिघडले तर परक्या गावात काय करायचे, हा विचार सिद्धान्तापेक्षा बळकट ठरला. तिसऱ्या दिवशी चिवडा संपला तेव्हा सय्यदा जैनबच्या मोहल्ल्यात एका गाडीपाशी जाऊन उभे राहिलो.

गाडी लाकडी, रंगवलेली. तिच्यात धातूचा मोठा हंडा तिरका बसवलेला असतो. पोट मोठे, गळा अरुंद. त्याला किद्रा म्हणतात. बोलीत क चा उच्चार गळून त्याचे 'इद्रा' होते. आत बाकल्याचे दाणे, म्हणजेच 'फूल', रात्रभर मंद आचेवर शिजत राहिलेले. पूर्वी हे हंडे सार्वजनिक हमामांच्या भट्टीतल्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवत. गावाच्या अंघोळीचे पाणी तापवणाऱ्या आगीवरच गावाची न्याहारी शिजे. गाडीवाला लांब दांड्याच्या पळीने दाणे काढतो, ताटलीत थोडे चेचतो, वर मीठ, जिरेपूड, लिंबू, तेल. कोणाला तिळाची ताहिना हवी असते. सोबत ऐश बलदी, म्हणजे कोंड्यासकट पिठाची फुगलेली पोकळ भाकरी, कांदा आणि खारातल्या भाज्या. शेजारी कढईत तामिया तळत असतो. हाच फलाफल, पण मिस्रमध्ये तो चण्याचा नसून याच बाकल्याचा आणि कोथिंबीर-शेपूमुळे आतून हिरवागार असतो.

उर्दू बोलणाऱ्या माणसाला तिथे पहिली गंमत नावाचीच वाटते. सकाळी सात वाजता दोनशे माणसे फूल खात उभी असतात आणि बागेचा पत्ता नसतो. आमची अरबी म्हणजे लहानपणी मकतबमध्ये केलेल्या तिलावतीची. बाजारात ती फारशी चालत नाही. पण कांद्याला 'बसल' आणि मसूरला 'अदस' म्हणतात हे आम्हांला तिलावतीमुळेच ठाऊक होते. सूरह बकरामध्ये मूसांची कौम ज्या जिनसा मागते त्यांत हे दोन्ही आहेत. जे शब्द आम्ही डोके झाकून, अर्थ न विचारता म्हटले होते ते कांद्याच्या ढिगाजवळ उभे राहून भाव करताना ऐकले, तेव्हा अंगावर काटा आला हे कबूल करतो.

पहिल्या घासाला आम्हांला आठवले ते कोकणातल्या घरचे कडवे वाल. मोड आणून, सोलून केलेल्या वालांची चव काही हीच नाही. फूल अधिक मऊ, अधिक मातकट, तिखटाशिवायचे. पण पोटात उतरून बसण्याची त्यांची रीत एकच आहे. इब्ने बतूताची बरोबरीची तुलना म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा त्या घासाने आम्हांला अधिक समजावले. कच्च्या कोशिंबिरीला आणि उघड्या पाण्याला आम्ही हात लावला नाही. हंड्यातले वाफाळते तेवढे खाल्ले. पोट बिघडले नाही.

हलाल-हरामचा प्रश्न फूलच्या गाडीपाशी उद्भवतच नाही, कारण तिथे मांसच नसते. मिस्रचे कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपवास पाळतात, ज्यांत मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. त्या दिवसांत त्यांचा आधार हेच फूल आणि हाच तामिया. मुसलमानांच्या रमजानात सहरीला पोटाला टिकणारे म्हणून पुन्हा फूलच. एका हंड्याभोवती दोन धर्मांचे उपवास उभे असतात.

आता जे सांगायचे ते सांगण्याजोगे नाही, पण सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. खाऊन झाल्यावर आम्ही मोबाइल काढला. समोर एक मनुष्य खात होता. कपड्यांवर चुन्याचे आणि रंगाचे शिंतोडे, ताटली गाडीच्या फळीवर ठेवलेली, घाईत होता. धुके, वाफ, त्याचा हात, सगळे चित्रासारखे जमून आले होते. आम्ही मोबाइल वर धरला तसे त्याने आमच्याकडे पाहिले. रागावला नाही, काही बोलला नाही. ताटली उचलली, पाठ फिरवली आणि पाठमोराच राहून खाणे संपवले. गाडीवाल्याने आमच्याकडे पाहून मान हलवली, लहान मुलाला नको म्हणतात तशी.

ती पाठ आम्ही ओळखत होतो. रमजान आला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास, कॅमेरे येतात. आता तर मोबाइलवाल्यांच्या टोळ्या येतात. नल्ली, मालपुवा, फिरनी यांची नावे घेतली जातात. खाणाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरला जातो. महिनाभर आमचा मोहल्ला म्हणजे एक पदार्थ होऊन जातो आणि ईदचा चाँद दिसला की सगळे निघून जातात. उरलेले अकरा महिने आम्ही सकाळी काय खातो हे कोणालाच नको असते. या मुद्द्यावर आम्ही कितीदा तावातावाने बोललो आहोत. आणि सय्यदा जैनबमध्ये आम्ही स्वतः तेच केले. फरक एवढाच, की आमच्या हातात कॅमेऱ्याबरोबर सिद्धान्तही होता.

परत आल्यावर आम्ही त्या सकाळवर चार पाने लिहिली. त्यांत वाफ होती, धुके होते, ऐश शब्दाची व्युत्पत्ती होती. पाठ फिरवणारा माणूस नव्हता. ती पाने पुन्हा वाचताना आम्हांला त्यांतला खोटेपणा जाणवला आणि आम्ही ती बाजूला ठेवली. ज्या भाकरीवर आम्ही शब्दकोशाची कोटी केली होती तिची हकीकतही त्यांत नव्हती. ती अशी : मिस्रमध्ये शिधापत्रिकेवर माणशी दिवसाला पाच ऐश मिळतात. १९७७ च्या जानेवारीत सादात सरकारने अन्नावरची सबसिडी कापली तेव्हा शहरे पेटली, माणसे मेली आणि दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. २०११ च्या तहरीर चौकातल्या मागणीत पहिला शब्द ऐश होता, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय त्यानंतर. तीस वर्षांहून अधिक काळ पाच पियास्तरवर राहिलेली ही सरकारी भाकरी जून २०२४ पासून वीस पियास्तर झाली. म्हणजे आम्ही गेलो त्याच्या सहा महिने आधी. गहू बराचसा बाहेरून येतो. फूलचे दाणेही बरेचसे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा देशांतून येतात. ज्या माणसाचा आम्ही फोटो काढू पाहत होतो त्याच्या ताटलीत हे सारे होते, आणि आम्हांला वाफ दिसली.

मग आम्ही नजीब महफूज पुन्हा काढले. 'बैनल कसरैन' ही त्यांची कादंबरी १९५६ ची. पुढे १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. आम्ही ती इंग्रजी अनुवादातून वाचली आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांतले जुन्या काहिरातले एक घर. पहाटे खालच्या चुलीच्या खोलीतून कणीक मळण्याचा धपधप आवाज येतो आणि त्या आवाजाने घर जागे होते. न्याहारीला बाप बसतो, मग त्याच्या परवानगीने तीन मुलगे. तबकात फूल आणि अंडी, गरम ऐश, चीज, लिंबा-मिरचीचे लोणचे. मुलांना कडकडून भूक लागलेली असते, पण बापाने भाकरी तोडल्याशिवाय कोणी हात पुढे करत नाही, आणि मग करतात तेही वयाच्या क्रमाने. आई अमीना पाण्याच्या सुरईपाशी बाजूला उभी असते. तिचे आणि मुलींचे खाणे नंतर.

आठवीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. पकाई किसने, आधी खाई किसने, खडा कौन रहा. महफूज त्या मोहल्ल्यात जन्मले, म्हणून त्यांना हे दिसले, असे म्हणून प्रवासलेखकाला सूट देता येईल. घरात शिरणे त्याच्या हाती नसते हे खरे. पण रस्त्यावरच्या गाडीपाशी उभे असताना एवढे तर विचारता येते, की हे दाणे रात्रभर राखले कोणी, भाकरी कोणत्या भट्टीतून आली, डोक्यावर भाकऱ्यांची फळी तोलत सायकलवरून जाणारा तो पोरगा किती वाजता उठला असेल. इतकी विचारपूस करायला भाषा लागते, वेळ लागतो, आणि स्वतःच्या मर्जीने फिरणाऱ्याकडे निदान वेळ तरी असतो. कंपनीच्या बसला तो नसतो. एकट्यादुकट्याने फिरण्याचा साहित्याला फायदा असेल तर तो हाच. नुसते बस सोडून दिल्याने कोणी लेखक होत नाही, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

तेव्हा प्रवासवर्णनाकडून आमच्या मागण्या अशा. त्या लोकांचे रोजचे खाणे कोणते ते सांगा, सणाचे नंतर. नाव त्यांच्या तोंडचे ठेवा. ते कोण शिजवते आणि केवढ्याला पडते ते विचारा. तुलना करायचीच तर आपल्या घरच्या पदार्थाला त्याच्या शेजारी बसवा, डोक्यावर नको. आवडले नाही तर तसे लिहा, आजारी पडलात तर तेही लिहा. आणि खाणाऱ्याने पाठ फिरवली असेल तर ती पाठ वगळू नका. या कसोटीवर आमची चार पाने नापास झाली, हे वर आलेच आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या वार्षिकाच्या वाचकांसाठी आणि लेखकांसाठी. आमच्या मोहल्ल्याची न्याहारी बाहेरच्यांनी लिहिली नाही, अशी तक्रार आपण करतो. आपण तरी ती कुठे लिहिली? मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकांनी फाळणीवर लिहिले, दंगलींवर लिहिले, तलाकवर आणि अस्मितेवर लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण कोकणातल्या घरी सकाळी तव्यावर पडणाऱ्या घावण्याचा वास, रात्रपाळी संपवून आलेल्या लूमवाल्याच्या हातातला चहा-पाव, हे आपल्या कथा-कवितांत किती आले? आपलीच सकाळ आपल्याला इतकी मामुली वाटली, की ती सांगण्याजोगी आहे हे सुचलेच नाही.

या वर्षी आम्ही आठवीच्या वर्गाला मजमून दिला, 'आज सुबह का नाश्ता'. खरे लिहायचे, शोभेचे नाही, एवढीच अट. बेचाळीस वह्या आल्या. बहुतेकांत चहा आणि पाव होता, काहींत रात्रीची रोटी चहात बुडवून. एकीने लिहिले होते, अम्मी सगळे गेल्यावर खाते, त्यामुळे ती काय खाते ते मी पाहिलेले नाही, उद्या पाहून लिहीन. एका मुलाने तारीख घातली होती, मजमूनचे नाव सुबक अक्षरांत लिहिले होते आणि खाली एकच ओळ, कुछ नहीं. आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासाठी डबा घेऊन गेलो, तर त्याने तो घेतला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला.